जुनी डिझेल एसयूव्ही : रास्त किंमत काढायची कशी?

कणकवलीहून बोलतोय. ज्यांना ऐकायला वेळ होत नाही त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून देतोय. बोलण्याच्या ओघात राहिलेले काही आकडे लिहिताना घातलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर. अपघात झालेल्या, पुरात बुडालेल्या, झाड पडलेल्या गाड्या बघून नुकसान किती ते लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे मला सर्वात जास्त येणारा फोन कुठला, तर हा : "दादा, अमकी गाडी आसा, २०१८ ची, लाखभर किलोमीटर झालेत, नऊ लाख सांगतोय. घेऊ काय?" गाडी न बघता याचं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. पण गाडीसमोर उभं राहिल्यावर किंमत कशी काढायची, त्याची पद्धत सांगता येते. तीच आज सांगतो.

आपल्याकडे डिझेल एसयूव्ही हा नुसता हौसेचा विषय नाही. फोंडाघाट, करूळ, आंबोली असे घाट. पावसाळ्यात वाहून जाणारे वाडीतले रस्ते. घरची सात माणसं, मागे दोन पोती आणि एप्रिलात आंब्याच्या पेट्या. हे सगळं ओढायला बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा, सफारी अशीच गाडी लागते. आणि घर सोडलं तर सात-आठ लाखांची ही खरेदी बऱ्याच कुटुंबांची आयुष्यातली सर्वात मोठी खरेदी असते. नव्या गाडीपेक्षा जुन्या गाडीच्या कर्जाला व्याजही जास्त पडतं. म्हणजे किंमत एक लाखाने चुकली तर ती चूक पाच वर्षं हप्त्यांतून फेडावी लागते.

दोघांचेही आकडे बाजूला ठेवा

विकणारा सुरुवात कुठून करतो? "मी सोळा लाखांक घेतलेली." घेणारा कुठून करतो? "ऑनलाइनवर सहाला पडलीय." दोन्ही आकड्यांना अर्थ नाही. सोळा लाख दिले तेव्हा दिले; त्यातली आठ वर्षं तो गाडीत बसून फिरलाय, ते पैसे वसूल झाले. आणि ऑनलाइनवर दिसते ती मागणी, विक्री नव्हे. शिवाय ती गाडी कोणत्या अवस्थेत आहे ते आपल्याला ठाऊक नाही.

तिसरा एक आकडा असतो, विम्याच्या कागदावरची आयडीव्ही. लोक तीच बाजारभाव समजतात. आयडीव्हीचा घसारा ठरलेल्या तक्त्याने चालतो : गाडी दोन ते तीन वर्षांची असेल तर ३० टक्के, तीन ते चार ४०, चार ते पाच ५० टक्के. पाच वर्षांनंतर ती विमा कंपनी आणि मालक यांच्यात ठरते. हा तक्ता बोलेरोला तोच आणि बाजारात कोणी विचारत नाही अशा मॉडेललाही तोच. म्हणून आयडीव्ही दावा चुकता करण्यासाठी, सौदा करण्यासाठी नाही.

मग रास्त किंमत म्हणजे काय? माझं उत्तर सरळ आहे. गाडीत जे उरलंय त्याची किंमत. किती वर्षं उरलीत, किती किलोमीटर उरलेत, आणि ते वापरण्यासाठी लगेच किती खर्च करावा लागणार आहे. मागचं सगळं विसरायचं.

यात अडचण अशी की गाडीत काय उरलंय ते विकणाऱ्याला माहीत असतं, घेणाऱ्याला नसतं. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये नेमका जुन्या गाड्यांच्या बाजारावर निबंध लिहिला. पुढे २००१ मध्ये त्याला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या विषयावरच्या कामासाठी. त्याचा मुद्दा असा : गिऱ्हाइकाला चांगली गाडी आणि वाईट गाडी यातला फरक कळत नाही, म्हणून तो मधली किंमत देतो. मधल्या किमतीला चांगली गाडी विकणं मालकाला परवडत नाही, म्हणून तो विकतच नाही. बाजारात उरतात त्या वाईट गाड्या. आता बघा, यातून बाहेर पडायचा मार्ग एकच : गाडीची माहिती दोघांसमोर सारखी यायला हवी. नीट तपासणी केली तर घेणारा वाचतोच, पण ज्याने गाडी खरंच सांभाळलीय त्या विकणाऱ्यालाही त्याचे पैसे मिळतात.

आधी छत ठरवा, मग बाजार बघा

पहिलं काम : तीच किंवा तिच्या जागी आलेली नवी गाडी आज ऑन-रोड कितीला पडते ते शोरूममधून लिहून घ्या. हे तुमचं छत. आणि हे छत अलीकडे खाली आलंय. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांवरचा जीएसटी बदलला. मोठ्या एसयूव्हीवर आधी २८ टक्के जीएसटी आणि २२ टक्के सेस, म्हणजे ५० टक्के कर होता. तो सरसकट ४० झाला. चार मीटरच्या आतल्या आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाडीवर ३१ टक्के होता, तो १८ झाला. हिशोब केलात तर मोठी गाडी कारखान्याच्या त्याच किमतीला साधारण साडेसहा टक्क्यांनी आणि छोटी जवळपास दहा टक्क्यांनी स्वस्त व्हायला हवी. नवी उतरली की जुनीही उतरते. कोणी तुम्हाला २०२४ चा भाव सांगत असेल तर त्याला हे आठवण करून द्या.

दुसरं काम : त्याच मॉडेलच्या, त्याच सालच्या, त्याच व्हेरियंटच्या निदान पाच-सहा गाड्या शोधा. कणकवली-कुडाळात सगळ्या मिळणार नाहीत; कोल्हापूर, रत्नागिरी, गोवा धरा. सर्वात महाग आणि सर्वात स्वस्त सोडा. उरलेल्यांची मधली मागणी घ्या आणि घासाघिशीचे पाच-सात टक्के वजा करा. हा झाला तुमचा "सरासरी गाडीचा भाव". डीलरकडची गाडी असेल तर लक्षात ठेवा, डीलरला त्याच्या नफ्याच्या फरकावर १८ टक्के जीएसटी आहे. घरगुती मालकाने घरगुती गिऱ्हाइकाला विकली तर जीएसटी नाही. म्हणजे डीलरची गाडी थोडी महाग असणं वाजवी आहे, पण त्या जास्तीच्या पैशांत तुम्हाला काय मिळतंय ते विचारा : वॉरंटी आहे का? नाव तो स्वतः बदलून देणार का?

एक गोष्ट मॉडेलबद्दल. काही चांगल्या गाड्या स्वस्त मिळतात, कारण कंपनी गेली किंवा डिझेल बंद झालं. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं उत्पादन थांबवत असल्याचं जाहीर केलं. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल सोडलं, म्हणून डिझेल ब्रेझा आता जुनीच मिळते. यात दोन बाजू. गाडी चांगली असली तरी पार्टसाठी थांबावं लागू शकतं, आणि पाच वर्षांनी तुम्ही विकायला काढाल तेव्हा पुढचा माणूस हाच मुद्दा काढेल. स्वस्त मिळाली तर स्वस्तच जाणार, हे धरूनच घ्या.

आता गाडी बघूया

किलोमीटरच्या आकड्याला लोक फार मान देतात. "फक्त ४० हजार चललीय" म्हटलं की डोळे चमकतात. डिझेलच्या बाबतीत जरा थांबा. मुंबई-गोवा हायवेवर सव्वा लाख किलोमीटर पळालेली, वेळेवर ऑइल बदललेली गाडी आणि बाजारपेठेत रोज तीन किलोमीटर फिरून ४० हजार झालेली गाडी यांत मी बऱ्याचदा पहिली निवडेन. विशेषतः १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांमध्ये. त्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला गाडी सलग चांगल्या वेगात पळावी लागते. छोट्या फेऱ्यांत ती जळत नाही, फिल्टर तुंबतो, आणि बदलायची वेळ आली तर खर्च मोठा. म्हणून बीएस-६ डिझेल बघताना विचारा : रोज कुठून कुठे जायची? डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा कधी लागला होता का?

आपल्याकडचा दुसरा प्रकार म्हणजे चाकरमान्याची गाडी. गणपतीला, शिमग्याला आणि मे महिन्यात चालते, उरलेले महिने खळ्यात ताडपत्रीखाली. आकडा २५ हजार, मालक म्हणतो "चेडवासारखी सांभाळलंय." पण उंदराने वायरिंग कुरतडलेलं असतं, बॅटरी गेलेली, ब्रेक धरलेले, टायर एका जागी बसून चपटलेले. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो : पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन साल. २०१८ चे टायर २०२६ मध्ये कितीही नक्षीदार दिसले तरी ते संपलेलेच.

याच शिक्क्याने मीटर मागे फिरवलंय का तेही जोखता येतं. आकडा ५० हजार सांगतोय, आणि टायरचा दुसरा जोड संपत आलाय, क्लचच्या पेडलचं रबर गुळगुळीत झालंय, ड्रायव्हरची सीट बसलीय, तर आकड्यावर विश्वास ठेवू नका. सर्व्हिसची बिलं मागा. त्यांवर तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. ओळ सरळ चढत गेली पाहिजे.

मग गंज. गाडी मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर वाढलेली असेल तर खाली वाकून बघायलाच हवं. चासी, पुढच्या-मागच्या चाकांच्या कमानी, दाराची खालची कड, ब्रेकचे पाइप. वरचा तांबूस थर चालेल. बोट दाबल्यावर पापुद्रा निघतो तो चालणार नाही. आणि गाडी आठ वर्षांची असून खालून कालच मारल्यासारखा काळा लेप दिसला, तर तो लेप कशासाठी मारला ते विचारा.

पुराची गाडी हा माझा रोजचा विषय. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीला पूर आला, जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं. खारेपाटणच्या बाजारपेठेत पाणी शिरतं हे तर आपल्याला नवीन नाही. अशा पाण्यात राहिलेली गाडी धुऊन, सुकवून दुसऱ्या जिल्ह्यात विकली जाऊ शकते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. कार्पेट उचला, स्टेपनीच्या खळग्यात बोट फिरवा, सीटखालचे नट गंजलेत का बघा. काचा बंद करून एसी लावा आणि वास घ्या. शंका आली तर गाडी सोडा. पुराच्या गाडीला रास्त किंमत नसते, कारण तिचं इलेक्ट्रॉनिक कधी बंद पडेल ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

इंजिनासाठी सकाळी जा, आणि आधीच सांगून ठेवा की गाडी चालू करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवा. गार असलं पाहिजे. सेल्फ किती वेळ मारावा लागतो बघा. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्यावरून काही ठरत नाही. पण ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ, मलईसारखा थर दिसला तर पाणी मिसळण्याची शंका घ्या. इंजिन चालू असताना झाकण सैल केलं आणि धूर जोरात फुसफुसत आला, तर पिस्टन-रिंगचा प्रश्न असू शकतो.

मग घाट. कणकवलीत राहण्याचा हा फायदा : फोंडाघाट जवळ आहे. एसी लावून, चार माणसं बसवून वर चढवा. तीन गोष्टी बघा. गिअर तोच असताना इंजिनचा आवाज वाढतोय पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच सरकतोय. आरशात मागे काळा धूर सतत दिसतोय, म्हणजे इंजेक्टर किंवा टर्बोकडे बघावं लागेल. तापमानाचा काटा मधल्या रेघेवरून हलला, तर कूलिंग. उतरताना ब्रेक लावल्यावर स्टिअरिंग थरथरलं तर डिस्क. पंधरा मिनिटांच्या सपाट फेरीत हे काहीच कळत नाही.

कागद म्हणजे गाडीचा अर्धा भाग

एमएच-०७ ची गाडी असेल तर काम सोपं, ओरोसला होतं. बाहेरची असेल तर हिशोब वेगळा.

दिल्लीच्या गाड्या आपल्याकडे येतात, आणि स्वस्त वाटतात. कारण उघड आहे : दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर २०१५ पासून राष्ट्रीय हरित लवादाची बंदी, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने वयावरून कारवाई थांबवली, आणि डिसेंबरात तो दिलासा बीएस-४ आणि पुढच्या गाड्यांपुरता ठेवला. महाराष्ट्रात दहा वर्षांचा असा नियम नाही. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी करून नूतनीकरण. म्हणून तिथे कमी आयुष्याची गाडी इथे जास्त आयुष्याची होते. पण तिकडची एनओसी हवी, आणि इथे कर पुन्हा भरायचा. खासगी डिझेल गाडीला आपल्याकडे किमतीनुसार १३ ते १५ टक्के कर आहे. जुन्या गाडीला वयाप्रमाणे कमी होतो, तरी आकडा लहान नाही. तो आरटीओतून काढून घ्या आणि किमतीत मिळवा. मिळवल्यावर बहुतेक वेळा "स्वस्त" गाडी स्वस्त राहत नाही.

गोव्याच्या गाडीचंही तेच. "जीए नंबर तसाच ठेव, कोण विचारतं" असं सांगणारे भेटतील. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो.

पुढचा विचारही करून ठेवा. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये मुंबईच्या हवेबद्दल चिंता व्यक्त करताना पेट्रोल-डिझेल गाड्या टप्प्याटप्प्याने कमी करता येतील का ते बघायला सांगितलं, आणि राज्य सरकारने समिती नेमली. उद्या काय होईल यावर मी पैज लावत नाही. पण तुमचं मुंबईला जाणं-येणं असेल, किंवा गाडी पुढे मुंबईवाल्याला विकायचा विचार असेल, तर डिझेलमध्ये बीएस-६ ला थोडे जास्त पैसे देणं मला वाजवी वाटतं.

बाकी कागद : आरसीवर कर्जाचा बोजा आहे का, असेल तर बँकेचं ना हरकत पत्र आणि फॉर्म ३५. ई-चलन थकलेत का. आधी पिवळ्या पाटीची होती का. चासी नंबर स्वतः डोळ्यांनी ताडून बघा. आणि विमा : नो क्लेम बोनस गाडीबरोबर येत नाही, तो जुन्या मालकाचा असतो. त्याचा हप्ता बघून तुमचा धरू नका.

एक खरा हिशोब

मालवण तालुक्यातला एक मुलगा, घरच्या जागेत होमस्टे चालवतो. फोंड्याच्या एका निवृत्त गुरुजींची सात सीटची डिझेल गाडी होती, २०१८ ची, ९५ हजार किलोमीटर, एकच मालक. गुरुजी नऊ लाख म्हणत होते, मुलगा साडेसहाच्या वर जाईना. दोघेही ओळखीचे, म्हणून मला मध्ये घेतलं. मी दोघांसमोर कागदावर लिहिलं.

सरासरी गाडीचा भाव आला ८ लाख ४० हजार. मग वजाबाकी. मुलगा म्हणाला, टायर पूर्ण गेलेत, ३६ हजार कापा. मी म्हटलं, नाही, १८ कापायचे. कारण बाजारातल्या सरासरी गाडीचे टायर निम्मे झिजलेलेच असतात. ते त्या भावात धरलेलं आहे. पूर्ण नव्या टायरचे पैसे कापले तर गुरुजींवर अन्याय. याच न्यायाने, कोणी कालच नवे टायर टाकले असतील तर तो ३६ नाही, १८ च वाढवून मागू शकतो. झिजणाऱ्या प्रत्येक वस्तूला हा अर्धा नियम लावा : टायर, क्लच, बॅटरी, विम्याचे उरलेले महिने. पण जे मोडलंय, ते पूर्ण कापायचं.

तर टायरचे १८ हजार. क्लच संपत आलेला, मेस्त्रीचा लेखी अंदाज ४४, त्याचे अर्धे २२. पुढच्या सस्पेन्शनचं काम थकलेलं, आवाज येत होता. ते मोडलेलं, म्हणून पूर्ण २२. विमा पुढच्या महिन्यात संपणार, नवा २८ चा, अर्धे १४. एकूण ७६ हजार. उरले ७ लाख ६४ हजार. आता बेरीज : पहिल्या दिवसापासूनची सगळी बिलं फाइलमध्ये, एकही अपघात नाही. त्याला मी २० हजार दिले. झाले ७ लाख ८४ हजार. गुरुजी थोडे हिरमुसले, मुलगाही. पण दोघांनी कागद पुन्हा वाचला आणि आकडा मान्य केला.

मग मी मुलाला दुसरा कागद दिला. कारण गाडीची किंमत रास्त आहे का, हा एक प्रश्न. ती तुम्हाला परवडते का, हा वेगळा.

त्याने धरलं होतं वर्षाला १२ हजार किलोमीटर. सहा वर्षं ठेवली तर ७२ हजार. शेवटी अडीच लाखांना गेली असं धरू. घसारा पडतो किलोमीटरला साधारण ७ रुपये ४० पैसे. दुरुस्ती वर्षाला ४० हजार धरली तर ३ रुपये ३० पैसे. विमा २० हजार, १ रुपया ७० पैसे. डिझेल ९२ रुपये आणि लिटरला १३ किलोमीटर, ७ रुपये १० पैसे. एकूण साडेएकोणीस रुपये, कर्जाचं व्याज सोडून. घरच्या वापराला ठीक आहे.

पण १२ हजार आले कुठून? कणकवली आणि कुडाळ स्टेशनवरून पाहुणे आणायचे, तारकर्ली-सिंधुदुर्ग किल्ला-आंबोली फिरवायचे, आणि भाडं घ्यायचं. पांढऱ्या पाटीवर. इथे मी थांबलो. खासगी गाडीत भाडं घेऊन माणसं नेणं बेकायदा आहे, आणि घाटात काही झालं तर विम्याचा दावा अडकतो. पाहुण्याच्या उपचाराची भरपाई त्याच्या अंगावर आली असती, होमस्टेसकट. पिवळी पाटी करायची तर परमिट, व्यावसायिक विमा, आणि फिटनेस : गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी, पुढे दर वर्षी. ही गाडी तर आठला टेकलेली.

भाड्याचे किलोमीटर वजा केले तर घरचे उरले जेमतेम पाच हजार. तोच हिशोब पुन्हा : सहा वर्षांत ३० हजार किलोमीटर, शेवटची किंमत तीन लाख, दुरुस्ती वर्षाला ३० हजार. किलोमीटरला पडतात ३३ रुपये. आणि डिझेलचा फायदाही आटतो. तेवढीच मोठी पेट्रोल गाडी १०५ रुपयांच्या पेट्रोलवर लिटरला दहा देते असं धरलं, तर डिझेल किलोमीटरला साडेतीनच्या आत-बाहेर वाचवतं. वर्षाला १२ हजार चालवणाऱ्याचे चाळीस हजार वाचतात, पाच हजारवाल्याचे सतरा. डिझेलसाठी सव्वा लाख जास्त मोजले असतील तर पहिल्याचे तीन वर्षांत वसूल, दुसऱ्याला सात वर्षं लागतात.

मुलगा दोन दिवस गप्प होता. मग त्याने गाडी घेतली नाही. पाहुण्यांसाठी शेजारच्या वाडीतल्या पिवळ्या पाटीवाल्याशी बोलून ठेवलं, आणि घरासाठी लहान पेट्रोल गाडी घेतली. गुरुजींची गाडी तीन आठवड्यांत वैभववाडीच्या एका ठेकेदाराने ७ लाख ७५ हजारांना नेली. गुरुजींनी त्याला माझा कागद आणि बिलांची फाइल दाखवली, आणि घासाघीस नऊ हजारांवर थांबली. ठेकेदार वर्षाला वीस हजार किलोमीटर फिरतो. त्याला ती गाडी खरंच स्वस्त पडली.

सौदा झाल्यावर

शेवटचं, आणि हे विकणाऱ्यांसाठी. पैसे मिळाले, चावी दिली, म्हणजे गाडी विकली गेली असं नाही. फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदललं पाहिजे. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय : आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच मालक, भरपाईची जबाबदारी त्याची. गाडी मध्ये चार हातांतून गेली असली तरी. म्हणून "नाव मागाहून करतो" म्हणणाऱ्याकडून पाच-दहा हजार जास्त मिळत असले तरी घेऊ नका. थोडी रक्कम नाव बदलेपर्यंत मागे ठेवा असं घेणाऱ्याला मीच सुचवतो, आणि दोघांच्या सह्यांचा कागद करून त्यावर तारीखच नाही, वेळही घालायला सांगतो.

तर मंडळी, कागद दोन करा. एक गाडीचा, एक तुमच्या वापराचा. पहिला विकणाऱ्यासमोर लिहा, दुसरा घरी बसून, घरच्यांसमोर. दोन्ही जुळले तर टोकन द्या.

तुमच्याकडे एखाद्या गाडीचा असा हिशोब तयार असेल तर आकड्यांसकट पाठवा, नाव-नंबर काढून पुढच्या एखाद्या भागात तो वाचू. पुढच्या वेळी विम्याचा दावा नाकारला तर काय करायचं, त्यावर बोलतो. पाऊस सुरू व्हायच्या आत वायपरचे रबर बदलून घ्या. येवा, परत भेटूया.